चहा स्वस्तच झाला होता

फुजैरा,
१० नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप आप्पांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. हवा आता सुसह्य आहे. तेलाच्या टर्मिनलवर काम नेहमीसारखं. आईचा गुडघा कसा आहे, हे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच विचारणार होते. पण तिथे आता फक्त ॲडमिनला लिहिता येतं आणि ॲडमिन तुम्ही एकटेच. म्हणून हे पत्र. आमच्या इथले किसनदादा सुट्टीवर देवरुखला येतायत, त्यांच्या हाती देतेय.

शनिवारी अबू धाबीत खलिफा सिटीला सुदेशदादाकडे गेले होते. सोनमला शाळेत निबंध आहे: अमेरिकेतल्या वसाहती इंग्लंडपासून का फुटल्या. तिने विचारलं, "आत्या, टी तर चीपर झाला होता. देन व्हाय थ्रो इट इन द सी?"

मी सांगितलं, भाव हा मुद्दाच नव्हता. कर बसवणारी पार्लमेंट समुद्रापलीकडे, आणि तिथे या वसाहतवाल्यांचा एकही माणूस नाही. आधी कागदपत्रांवर कर, मग चहावर. यांनी अर्ज केले, ते कुणी मनावर घेतले नाहीत. आवाज वाढला, चहा समुद्रात गेला, तेव्हा यांचं बंदरच बंद केलं.

"ओह! लाइक आजोबाज् ग्रुप," सोनम म्हणाली.

वहिनीला ठसका लागला. दादा म्हणाला, "खलास! हे आप्पांना कळलं तर माझी खैर नाही." ज्याच्या विनोदापायी ग्रुप बंद झाला, तो हाच.

आता मुद्दा. त्याच ग्रुपवर तुम्ही जाहीर केलंत: सात डिसेंबरला स्वप्नालीचा, म्हणजे माझा, साखरपुडा, मुलगा चिपळूणचा धनंजय. खाली सगळ्यांचे अंगठे आले. त्यात माझा नव्हता. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आप्पा, तेलाच्या प्रत्येक टाकीला आम्ही दाब सोडायची वाट ठेवतो. ती बुजवली की टाकी गप्प दिसते. शांत नसते.

धनंजय वाईट आहेत, असं माझं म्हणणं नाही. चहाही स्वस्तच झाला होता.

मावशीकडून नंबर घेऊन मी त्यांना फोन केला. त्यांनाही तारीख घरच्या ग्रुपवरच कळली. तिथे ॲडमिन त्यांच्या आई. यावर आम्ही बरंच हसलो. मग पुन्हा फोन झाला. नंतरही झाले. ते पंपांच्या कारखान्यात आहेत. विषय बहुतेक पंपांचाच असतो.

बहुतेक.

तर, सात तारखेला मी येणार नाही. तुम्ही निवडलंत म्हणून होकार देणार नाही, आणि तेवढ्याच कारणासाठी नकारही देणार नाही. जानेवारीत ते दादाकडे येतील. त्यांना मी बघणार आहे. चहा ते करणार आहेत, असं ठरलंय. त्यानंतर काय ते मीच सांगेन, आणि ग्रुपवर सांगायची माझी इच्छा आहे.

वसाहतींनीही फुटण्याआधी राजाकडे शेवटचा अर्ज पाठवला होता. त्याने तो घ्यायलाच नकार दिला. तुम्ही इथवर वाचलंत, म्हणजे अजून काही बिघडलेलं नाही.

आईला नमस्कार. तिला ॲडमिन केलंत तरी चालेल.

अजूनही तुमचीच,
स्वप्नाली