रुमाल धरलेली सावली

प्रिय आप्पा,

तुम्हाला जाऊन वर्षही झालं नाही आणि परवा ऑस्ट्रेलियातल्या एका प्रकाशनाच्या बाईंनी विचारलं, "छायाचित्रकार कधी वारले?" उत्तर लिहायला हात धजेना. म्हणून आधी तुम्हालाच लिहिते.

वालूरच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायांचा तुमचा तो फोटो! तुमच्या तरुणपणी दिवाळी अंकात आलेला. कुणीतरी तो इंटरनेटवर टाकलाय, खाली 'छायाचित्रकार अज्ञात'. अज्ञात? उभ्या तालुक्याची लग्नं टिपणारा माणूस अज्ञात? माझं डोकंच फिरलं. 'हा माझ्या आप्पांनी काढलाय' असं मी खाली ठणकावलं, ते वाचून या बाईंनी मला गाठलं.

त्यांना तो पुस्तकात हवाय. आपल्याकडे फोटोचा हक्क छापल्यापासून साठ वर्षं, म्हणे. ती सरली, इथं तो सगळ्यांचा. त्यांच्या देशात मात्र काढणाऱ्याच्या मरणानंतर सत्तर वर्षं त्याचाच, म्हणून घरच्यांची परवानगी हवी! पण तो तुमचाच कशावरून, असं त्यांनी विचारलं. निगेटिव्ह ओलीनं गेल्या आणि फोटोमागं शिक्का मारायची तुम्हाला लाज. किती सांगायचे मी!

शेवटी आईनं ट्रंकेतली मूळ प्रत काढली. इंटरनेटवर कापलेला खालचा भाग तिच्यात होता. ढेकळांवर तुमची लांब सावली, शेजारी कॅमेऱ्याच्या तिपाईची, वर केलेल्या हातात रुमाल. "रुमालाकडं बघा गं!" म्हणत तुम्ही तो असा नाचवायचात की रडकं पोरही हसायचं. लोक कुरकुरायचे, "फोटूत तुमची सावली आली की वो, आप्पा!" तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ द्या. तेवढीच माझी हाजरी."

घरातल्या बाकीच्या फोटोंतही तीच हाजरी निघाली. सगळे पाठवले, बाईंना पटलं. नाव तुमचंच छापणार! फक्त त्या म्हणाल्या, सावली कापली तर चालेल? मी हो म्हणणार होते, तर आई उसळली.

"सावली काढल्यावर ह्या बाया हसायल्यात कुणाला बघून? ती कडंची, तोंडाला पदर लावलेली, मीच हाय की! लग्न ठरायच्या आधीची."

आप्पा, हे मला आजवर का नाही सांगितलंत? बोंडांनी बोटं ओरबाडलेल्या बायांना उतरत्या उन्हात असं हसवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. लय अभिमान वाटतो तुमचा.

बाईंना तुमची तारीख आज कळवते. सत्तर वर्षं काही मी पुरणार नाही, पण आहे तोवर तुमची सावली कुणाला कापू देणार नाही. आई अजून तिच्याकडंच बघून हसते.

तुमची,
शोभा