दादाच्या पेटीतल्या दोन कॅसेटी

१८ जुलै २००५, सोमवार

आज दादाची पेटी उघडली. न विचारता! विचारणार कोणाला? एप्रिलमध्ये बाबूजी त्याला पुण्याहून घेऊन आले, तेव्हापासून त्याच्या तोंडातून शब्द नाही. जेवायला दिलं तर जेवतो, झोपतो, बाकी वेळ मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतो. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष होतं. रूममेट हिमांशुनं फोन केला होता — "काका, लोकेंद्रला येऊन घेऊन जा." काय झालं, कसं झालं, कोणालाच धड माहीत नाही.

माय धानाच्या रोवणीला बायांसोबत शेतावर, बांधीत गेली होती, बाबूजी शाळेत. म्हणून हिंमत झाली. पुस्तकं, कपडे, कॅल्क्युलेटर. आणि तळाशी, पेपरात गुंडाळून वरून पांढरा शर्ट लपेटलेल्या दोन कॅसेटी! मायनं आपले दागिने एवढे जपून नाही ठेवले. इंग्रजी गाणी आहेत. टिन कॅथीड्रल नावाचा कोणता तरी बँड. कव्हरवर चार माणसं, केस माझ्यापेक्षा लांब. खाली लिहिलंय — लाइव्ह, १९७३. म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं.

विचार करून राहिली. एवढं जपून ठेवलंय म्हणजे दादाचा जीव आहे त्याच्यात. त्याच्यासमोर वाजवलं तर बोलेल का?

१९ जुलै

घरच्या टेपवर वाजवलं. बाप रे बाप! मांडणी कोसळावी तसा आवाज. दादा हललासुद्धा नाही. माझंच डोकं उठलं. बंद.

२४ जुलै

परत लावलं. दादासाठी. नाही तर मला काय पडलंय.

आज एक समजलं. त्यात माणसं आहेत! हजारो असतील. शिट्ट्या मारतात, ओरडतात, गाण्याच्या मधेच टाळ्या. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच रंगला की पोरं कशी चेकाळतात, अगदी तसंच. एका ठिकाणी गाणारा खोकलतो, मग काहीतरी बोलतो आणि सगळे खदाखदा हसतात. काय बोलला ते घंटा कळलं नाही, तरी मी पण हसली. मग दादाकडे पाहिलं. पाठ. नुसती पाठ.

११ ऑगस्ट

गोंदियाला डॉक्टरकडे. गोळ्या बदलल्या. बाबूजींनी विचारलं, "कब तक ठीक होगा?" डॉक्टर म्हणाले, "वक्त लगेगा, मास्टरजी." मागच्या वेळीही हेच म्हणाले होते.

येताना बसमध्ये बाबूजी खिडकीबाहेर पाहत होते. दादा मधे, मी या बाजूला. तिरोड्याच्या स्टँडवर बाबूजींचा एक जुना विद्यार्थी भेटला. पाया पडला. "गुरुजी, लोकेंद्रभाऊ लागले का नोकरीवर?" बाबूजी म्हणाले, "हो." दादा शेजारीच उभा होता. त्या पोरानं ओळखलंच नाही त्याला.

२२ ऑगस्ट

शेजारच्या रुख्माकाकूचं ऐकून माय सालेकसाकडे कोण्या भूतबाधा झाडणाऱ्याकडे जाऊन आली. "बाहेरची हवा लागली पोराले," म्हणे. दादाच्या दंडाला काळा धागा. मी म्हटलं, "माय, हवा लागाले तो घराबाहेर तरी पडते का?" तर माझ्यावरच चिडली. "तू तं बोलूच नोको! दिवसभर ते भूतं नाचवते कानाजवळ."

भूतं! बरं नाव ठेवलं.

३ सप्टेंबर

पोळा. दादा लहानपणी बैलांची शिंगं रंगवायचा. लाल मला, निळा त्याला, असं भांडण. आज रंगाची डबी त्याच्यासमोर नेऊन ठेवली. तशीच उचलून आणली.

दुपारी लाइन गेली तर टेपात सेल टाकून ऐकलं. सेल उतरले होते. गाणारा झोपेत असल्यासारखा गात होता, ढोलवाल्याचे हात पेंगुळलेले. वाईट वाटलं. पैसे देऊन नवीन सेल आणले. दादासाठीच.

२ ऑक्टोबर

पहिल्या कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटी एक लांबलचक गाणं आहे. मधेच गिटारची तार तुटते — टँग! गाणारा थांबतो. लोक ओरडतात. आणि ढोलवाला पठ्ठ्या एकटाच वाजवत राहतो! तार बसेपर्यंत धरून ठेवतो सगळ्यांना. आणि नेमकी तिथंच बाजू संपते. कॅसेट पलटवून लावेपर्यंत माझा जीव खालीवर. उरलेलं दुसऱ्या बाजूला आहे, माहीत आहे मला, रोजचंच आहे, तरी!

मी दादाला म्हटलं, "दादा, तो माणूस थांबला असता तं सगळं खतम झालं असतं ना?"

 मग मी तिथंच जमिनीवर बसून रडली. मला किती राग येतो त्याचा! आजारी आहे माहीत आहे, तरी येतो. एक शब्द बोल ना रे. शिवी दे. काही पण दे.

९ नोव्हेंबर

धान कापणी. सूप हातात घेतलं तर हात आपोआप त्या ढोलवाल्याच्या चालीवर. माय म्हणाली, "काऊन वाजवून राहिली सूप? पाखड ना नीट."

गावात मंडई झाली. मी नाही गेली. सगळे दादाबद्दल विचारतात.

४ डिसेंबर, रविवार

लिहूनच टाकते. आमगावचे पाहुणे आले होते मला पाहायला. मुलगा खुमेंद्र, पंचायत समितीत. दिसायला बरा. मायनं सकाळीच दादाला मागच्या खोलीत नेलं आणि बाहेरून कडी लावली. कडी! तो ओरडत नाही, पळत नाही, मग कडी कशाला?

चहा घेऊन गेली. मुलाच्या आईनं विचारलं, "भाऊ कोठी आहे?" माय म्हणाली, "पुण्याले. मोठ्या कंपनीत." बाबूजींनी मान डोलावली. बाबूजींनी! ज्यांनी शाळेत पोरांना खोटं बोलले म्हणून अंगठे धरायला लावले आयुष्यभर.

माझं तोंड आवरलं नाही. "पुण्याले नाही. मांगच्या खोलीत आहे. आजारी आहे माहा भाऊ."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. त्या मुलानं जाताना माझ्याकडे पाहिलं, पण आईच्या मागे गेलाच.

कडी मी काढली. दादा जसा सकाळी बसला होता तसाच बसलेला. दोन्ही कॅसेटी लावल्या, मोठ्या आवाजात. गल्लीत आवाज गेला तर जाऊ दे.

५ डिसेंबर

बाबूजी माझ्याशी बोलत नाहीत. आता घरात न बोलणारे दोन झाले.

१ जानेवारी २००६

नवीन वर्ष. काही नवीन नाही.

१७ जानेवारी

रुख्माकाकूनं सांगितलं — आमगाववाल्यांनी सगळ्या पाहुण्यांत बातमी फिरवली. तिरोड्यापासून गोरेगावपर्यंत सगळ्यांना माहीत. "तुमच्या पोरीले आता कोण करते?" असं तोंडावर म्हणाली काकू. मायनं भाजी तशीच चुलीवर सोडली आणि आत गेली. मी खाली उतरवली तोवर लागली होती.

टेपमध्ये कॅसेट अडकली. रीळ बाहेर, नुसती गुंतवळ!  पेन्सिल घालून हळूहळू गुंडाळली. लांब गाण्यात एका जागी आता आवाज बुडतो आणि वर येतो. मला रडू आलं. कॅसेटसाठी! घरात एवढं सगळं चाललंय त्याच्यासाठी नाही आलं.

२९ जानेवारी

बाबूजी आज बोलले. माझ्याशी नाही, मायशी, पण मला ऐकू यावं असं. "हा घरात आहे तोवर तिचं काही जमत नाही. नागपूरले ठेवू. तिथं मोठा दवाखाना आहे. तिचं उरकलं की पाहू."

म्हणजे माझ्यामुळे! मी मधे नसती बोलली तर दादा घरी राहिला असता. मी बाबूजींना म्हटलं, मला नाही करायचं लग्न. बाबूजी म्हणाले, "तू आता काहीच बोलू नोको, दुर्गेश्वरी." पूर्ण नावानं हाक मारली. घरात मला कोणी पूर्ण नावानं हाक मारत नाही.

५ फेब्रुवारी

माय गपचूप रडते. पण नाही म्हणत नाही ती. मला वाटलं होतं म्हणेल.

१२ फेब्रुवारी

दादाला सगळं सांगितलं. नागपूर, दवाखाना, जीप, सगळं. "तू एक शब्द बोल, बाबूजी कुठं नेत नाहीत. फक्त एक." हात धरला त्याचा. हात गरम होता. त्यानं तो सोडवला नाही, धरलाही नाही.

मग टेप लावला. तार तुटली, ढोलवाला वाजवत राहिला, मी पलटवली. मला आता सगळं पाठ आहे. गाणारा कुठं खोकलतो, कोणती बाई कुठं किंचाळते. हे लोक आता म्हातारे झाले असतील, काही मेले असतील. मला मात्र आजचेच वाटतात. दुपारभर मी त्यांच्यातच असते, शिट्टी मारणाऱ्यांमध्ये. आणि दादा इथंच बसून कुठं असतो? त्याचं आवडतं आहे तरी त्याला आत का घेत नाहीत हे लोक?

आता आशा नाही मला. लिहून टाकलं.

१९ फेब्रुवारी

उद्या सकाळी जीप. मायनं तीळ-मुरमुऱ्याचे लाडू केले. तो खाणार आहे का? मी त्याची बॅग भरली. दोन पायजमे, स्वेटर, टॉवेल. टेप आणि कॅसेटी त्याच पांढऱ्या शर्टात गुंडाळून ठेवल्या. माझ्या घरात मग काय उरलं? जाऊ दे. त्याच्या आहेत. तिथं कोणी लावून तरी देईल का, देव जाणे.

२० फेब्रुवारी

जीप दारात. बाबूजी-माय बाहेर. मी बॅग उचलायला गेली तर दादा खाली बसून बॅग उघडत होता. शर्ट सोडला, कॅसेटी काढल्या, माझ्या हातात ठेवल्या. आणि बोलला! घोगरा आवाज, पण बोलला. "हे माह्या नाहीत. हिमांशुच्या होत. वापस द्याच्या म्हणून ठेवल्या होत्या." मग म्हणाला, "मले हे नाही आवडत. तुले आवडते. तूच ठेव."

मी धावत बाहेर गेली. "बाबूजी, दादा बोलला!" बाबूजी म्हणाले, "नाटकं नोको करू." दादाला विचारलं त्यांनी, दोनदा. दादा जमिनीकडे पाहत जीपमध्ये बसला.

माझ्यावर कोणीच विश्वास ठेवला नाही.