सात नंबरच्या खुर्चीसमोरची खिंड

४ नोव्हेंबर, सोमवार

उंट एकवीस. आज पुन्हा मोजले. मागच्या आठवड्यात वीसच भरले होते. एक खडकामागे मान लपवून बसलाय, तो दर वेळी सापडतोच असं नाही.

चार तास दुसरं करायचं काय! डावा हात सुयांत अडकलेला, हलवायचा नाही. मशीन रक्त ओढतं, धुतं, परत देतं. समोर भिंत. भिंतीवर खिंड. ज्या म्हाताऱ्या जर्मन डॉक्टरनं हे डायलिसिस सेंटर काढलं, त्याला जुन्या चित्रांचा नाद होता. निवृत्त होताना चार इथेच टांगून गेला. सगळी अफगाणिस्तानची, कुणा इंग्रज कप्तानानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी काढलेली. काबूलचा बाजार, तंबूंची छावणी, एक घोडेस्वार, आणि माझ्या सात नंबरच्या खुर्चीसमोर बोलन खिंड. दोन बाजूंना उभे कडे, मधून नदी, काठानं फौज. खाली डॉक्टरनं लावलेली जर्मन पट्टी: ब्रिटिश फौजेची अफगाणिस्तानवर चाल, १८३९. अकरा महिने झाले मला इथे. आठवड्यातून तीनदा. त्या कप्तानानंसुद्धा हे चित्र एवढं पाहिलं नसेल.

सगळ्यात जास्त बघतो तो कोपऱ्यातला पखालवाला. बैलाच्या दोन्ही अंगांना टम्म फुगलेल्या पखाली. मला दिवसाला पाऊण लिटर — चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं धरून. आणि समोर हा माणूस!

सुया लावण्याआधी वजन. अडीच किलो जास्त, म्हणजे अडीच लिटर पाणी अंगात. शनिवार-रविवार चोरून प्यायलो, दुसरं काय. श्वेस्टर बिर्गिटनं, इथल्या नर्सनं, नुसत्या भुवया उंचावल्या. पाणी काढून टाकल्यावर जे उरतं त्याला ट्रोकेनगेविश्ट म्हणतात. कोरडं वजन. माझं एकसष्ट.

६ नोव्हेंबर, बुधवार

थकलो. लिहीत नाही.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी साडेसहाला टॅक्सी आली. दारात नंदाला म्हटलं, जातो. ती लगेच — अहो, येतो म्हणा! रोजचंच झालंय. मुद्दाम म्हणत नाही मी. हल्ली तोंडातून तेच येतं.

संध्याकाळी तिनं टेबलावर एक फाईल ठेवली. जूनपासून तपासण्या करून घेतल्यात! रक्त, हृदय, स्कॅन, सगळं. मला वाटायचं बाई मंगळवारी वॉटर जिम्नॅस्टिकला जाते. पोहायची पिशवी घेऊन निघायची, येताना केस ओले करून यायची म्हणे, हॉस्पिटलच्या बेसिनवर. सगळं जुळतंय. माझी एक किडनी घ्या, म्हणाली. रेनकोट देऊ करावा तसं.

मी नाही म्हटलं.

ती एकसष्ट वर्षांची. आमच्या कुहूच्या जन्मानंतर स्वतःच्या दुखण्यासाठी कधी हॉस्पिटलची पायरी चढलेली नाही. तिला धडधाकट आत न्यायची आणि कापायची — कशासाठी? मला चार वर्षं जास्त मिळावीत म्हणून? मी आता निघालेला माणूस. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. माझं काही बरंवाईट झालं तर झालं. तिचं झालं तर मी कुठल्या तोंडानं जगू?

तिला एवढं सगळं सांगितलं नाही. नाही म्हटलं आणि बातम्या लावल्या.

११ नोव्हेंबर, सोमवार

आठ नंबरवर वर्दक असतात. कंदाहारचे, बहात्तर वर्षांचे. सप्टेंबरपासून आमच्या पाळीत आहेत. तरुणपणी निर्वासित म्हणून क्वेट्यात राहिले, त्यामुळे उर्दू येतं. माझं हिंदी पुणेरी. मधेमधे दोघांचं जर्मन. चालतं.

आज नव्या शिकाऊ नर्सनं घोडेस्वाराच्या चित्राकडे बोट करून विचारलं, हे तुमच्याकडचं का? वर्दक म्हणाले, या, या, गेनाऊ, अगदी बरोबर, तो माझा चुलता. तिला खरं वाटलं! ती गेल्यावर मला म्हणाले, ज्यानं याचा फेटा काढलाय त्यानं आयुष्यात फेटा बांधलेला नाही. बाजाराच्या चित्रावरही त्यांचा राग आहे. सगळे नुसते उभे. फळवाला उभा, नालबंद उभा, गिऱ्हाईक उभं. यांना कामं नव्हती? मग स्वतःच म्हणाले, कप्तानाच्या मागे बंदूकवाले असणार. म्हणून उभे.

मग त्यांनीच विचारलं, तुमचे लोक होते का या फौजेत? शनिवारी शोधलं होतं मी, म्हणून सांगता आलं. मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या. माझं आजोळ दापोली, तिथे त्या पलटणींतले पेन्शनर राहायचे. अजून गावाला कॅम्प म्हणतात. म्हटलं, होते. पोटासाठी गेले असतील. वर्दकांनी मशीनच्या आकड्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, मीही इथे फिरायला नाही आलो. त्यानंतर दोघांना झोप लागली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

कार्ल्सरूहेहून कुहूचा फोन. मी मराठीत, ती जर्मनमध्ये, नेहमीप्रमाणे. आईनं वकील नेमलेला दिसतो! पापा, दास इस्ट इअरे एन्टशायडुंग. निर्णय तिचा आहे म्हणे. म्हटलं, किडनी तिची, पण पोट माझं ना? मलाही मत असेल की नाही?  मग एकदम मराठीत म्हणाली, बाबा, हट्टी आहात. कधी नव्हे ते मराठी बोलली, ते हे.

२ डिसेंबर, सोमवार

घरात बोलणं कामापुरतं. गोळ्या घेतल्या का. कचऱ्याचा पिवळा डबा बाहेर ठेवा. पोरीला फोन करा.

आज एक लक्षात आलं. डायलिसिसहून आलो, बूट काढत होतो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. फटीतून नंदा दिसली. ओट्यापाशी उभ्यानं पाणी पीत होती, नळ अगदी बारीक सोडून, आवाज होऊ नये म्हणून. मग पेला धुऊन, पुसून कपाटात. मी आठवून पाहिलं. वर्षभरात टेबलावर पाण्याचा पेला नाही. जेवताना ती पाणी पीत नाही. मला कधी दिसलंच नाही!

 बूट काढायला वेळ लावला.

१३ डिसेंबर, शुक्रवार

वर्दक म्हणतात ही फौज परत येतेय!

म्हटलं, खाली पट्टी आहे, चाल असं लिहिलंय. ते म्हणाले, पट्टी डॉक्टरनं लिहिली, पाणी त्यानं नाही लिहिलं. सात वर्षं त्यांनी याच खिंडीतून ट्रक हाकला, क्वेट्याहून खाली सिबीकडे. बोलन नदी वरून खाली मैदानाकडे येते. चित्रातले दगड बघा — फेस कुठल्या अंगाला आहे. बघितलं. खरंच! फौज पाण्याबरोबर चाललीय. म्हणजे उताराला. म्हणजे हिंदुस्थानाकडे. परतीला.

तीस वर्षं झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात इंजिनांच्या कूलिंगमध्ये काढली. पाणी कुठून येतं नि कुठे जातं, एवढंच बघायची नोकरी. आणि वर्षभर समोरची नदी उलटी वाचत बसलो!

मग त्यांना आमचं सांगितलं. की मराठीत निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. बायको रोज टोकते. कशी काय, ती किडनीची गोष्टही निघाली. मी अजून घराबाहेर कुणाशी बोललो नव्हतो. वर्दकांचं हृदय कमजोर, त्यांचं नाव किडनीच्या कुठल्याही यादीत बसत नाही. बायको क्वेट्यातच वारली. मी बोलत होतो तोवर ते छताकडे बघत होते. मग म्हणाले, "मेरी बीवी होती और एक देती, तो मैं दोनों माँग लेता."

हसले. मी हसलो नाही. त्यांनी मान पलीकडे वळवली.

२५ डिसेंबर, बुधवार

पाणी सव्वा लिटर. कबूल.

८ जानेवारी, बुधवार

हॉलला रंग देणार आहेत. चित्रं उतरवून कपाटाशी टेकवून ठेवली होती. म्हटलं, मला खिंड जवळून बघायचीय. बिर्गिटनं आल्झो, आल्झो, म्हणजे बरं बाबा, असं करत ती माझ्या मांडीवरच्या टेबलावर आणून ठेवली. वर्षानं पहिल्यांदा चष्म्यातून, हातभर अंतरावर.

आतला पुठ्ठा खाली घसरला होता. त्याखाली दडलेली छापील इंग्रजी ओळ दिसली. परतीची वाट, बोलन घाट. वर्दकांना वाचून दाखवली. मला वाचून काय दाखवता, म्हणाले.

पण मला दुसरंच दिसलं. पखालवाल्याच्या पायाशी एक दगड आहे, भुरकट. रोजचा. तो दगड नाही! माणूस आहे. उकिडवा बसलाय, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी. पखालीचं तोंड सोडलेलं, आणि एक केसाएवढी पांढरी रेघ त्याच्या ओंजळीत. पितोय. फौज पुढे चाललीय, उंट चाललेत, याला कशाची पर्वा नाही. पखालवाला त्याच्याकडे बघतही नाही. तो बैलाची वेसण धरून उभा आहे, चेहऱ्यावर काही नाही, उपकार वगैरे काही नाही. रोजचं काम.

तो आपला की तुमचा, यावर वर्दकांशी वाद झाला. अंगावर धड कपडेच नाहीत, ओळखायचं कशावरून? ते म्हणाले आमचा. मी म्हटलं दापोलीचा. बैलावर मात्र कुणीच हक्क सांगितला नाही.

तास कसे गेले कळलं नाही. अकरा महिने—नाही, आता तेरा—एक माणूस समोर पाणी पीत होता आणि मी त्याला दगड समजत होतो.

इथे जिवंत माणसाची किडनी घ्यायची तर आधी एका कमिशनसमोर बसावं लागतं. देणाऱ्यावर कुणी जबरदस्ती करत नाही ना, ते बघतात. घरी आल्यावर नंदाला विचारलं, कमिशनची तारीख किती दिवसांत मिळते. तिनं शेगडी बंद केली. हात पुसले. म्हणाली, अर्ज मी नोव्हेंबरातच करून ठेवलाय.

मग माझ्यासमोर टेबलाशी बसून एक पेलाभर पाणी प्यायली. सावकाश. मी बघत होतो. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. तिला रडू येत होतं, म्हणून मी अर्धा घोट मागितला. दिला. मोजून!

११ फेब्रुवारी, मंगळवार

कमिशन. तिघं जण, गोल टेबल, पाण्याची बाटली मधोमध. आधी नंदाला एकटीला आत घेतलं, मग दोघांना. आतलं तिनं गाडीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणे, तुमच्यावर काही द्रुक आहे का, दबाव? नंदाचं जर्मन बाजारापुरतं. तिनं सांगितलं: "एर विल निश्ट. इश विल." त्याला नको, मला हवंय. बाई हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. आणि शरीरानं ती किडनी नाकारली तर? ते मात्र तिला जर्मनमध्ये जमेना. दुभाषा हिंदीचा. तरी ती मराठीतच म्हणाली, "गेली तर गेली. दिलेली तर असेल."

दुभाष्यानं याचं काय जर्मन केलं कोण जाणे. मंजूर झालं.

रात्रभराची भीती आता दिवसाही वाटते. तिला सांगितलं. म्हणाली, मलाही वाटते. मग आम्ही बेकरीत थांबून एक केक दोघांत खाल्ला.

१७ मार्च, सोमवार

शेवटची फेरी, सगळं ठीक झालं तर. भिंत आता पांढरी. खिंड परत जागेवर. पट्टी बिर्गिटनं काढली आहे. नवी कधी येईल तेव्हा येईल.

वर्दकांनी बुधवारपासून सात नंबर मागून घेतलाय. तिथून नीट दिसतं म्हणे. वर सांगतात, उंट एकवीस नाहीत, बावीस. आता कुठे मोजत बसू!

बहात्तर वर्षांचा हा माणूस इथे राहणार आणि मी सुटणार. लाज वाटली. बोलून दाखवलं. त्यांनी मोकळ्या हातानं माझा हात धरला, सुयांचा नाही तो. निघताना सवयीनं नीट म्हटलं, येतो. महिनाभर नंदानं घोटून घेतलंय. ते जवळजवळ ओरडले, "यहाँ मत आना!"

खरंच की. या एका दारातून निघताना जातोच म्हणायला हवं. म्हटलं, बरं, जातो. दोघंही हसलो. बिर्गिटला काय झालं कळेना.

१९ मार्च, बुधवार. सकाळचे पावणेआठ

नंदाला आधी ऑपरेशनला नेलं. मला पाऊण तासानं नेणार. तिचा पलंग लिफ्टपाशी थांबला. हिरवी टोपी, चष्मा काढलेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "जाते हं."

ती! छत्तीस वर्षं मला टोकणारी.

"अगं, येते म्हण," मी म्हटलं. लिफ्टचं दार मिटत होतं. म्हणाली की नाही, ऐकू आलं नाही.