मनावर घेऊ नका

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायचं म्हटलं की सुनेचा हात आपोआप पदराकडे जातो. माझी नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्ही विसरला नसाल, चारचौघांत सांगत होतात.

नातीच्या जन्माआधीचा तो हिवाळा. न्यूमोनियानं तुमची फुप्फुसं भरली आणि गंगापूर रोडच्या दवाखान्यात तुम्हाला श्वासाच्या मशीनवर ठेवलं. घशात नळी, हात पट्टीनं खाटेला बांधलेले. जरा जाग आली की मशीन हवा आत ढकलतंय आणि तुम्ही बाहेर. भांडायला तुम्हाला मशीनही चाललं. डॉक्टरांनी मला समजेल असं सांगितलं. श्वासाचा हुकूम मेंदू देतो. तो घाबरला की मशीनशी मेळ बसत नाही, फुप्फुसांना इजा होते, म्हणून गुंगी द्यायची. गुंगी जास्त झाली तर मेंदू हुकूम द्यायलाच आळसावतो आणि नळी निघत नाही. वर आजारी फुप्फुसांचा त्रास मेंदूलाही होतो, माणूस भ्रमात जातं. "गुंगी कमी करून बघू," म्हणाले. नाही झेपलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गुंगी उतरताना मला आत सोडलं. सिस्टरनं पट्ट्या सैल केल्या, तर तुमची बोटं फुलबाजारात बसल्यासारखी चादरीवर हार बांधायला लागली. फूल नाही, दोरा नाही. मी माझं बोट पुढे केलं. तुम्ही त्यालाच गाठी मारत राहिलात, आणि हळूहळू श्वास मशीनच्या चालीनं चालू लागला.

नळी निघाली. आवाज घोगरा झालेला, पण जीभ तीच. सिस्टर तुम्हाला फुलबाजारातलं गिऱ्हाईक वाटली. "हार घ्यायचा तर माझ्या सुनेच्या हातचा घे, बाई. तिची गाठ सुटत नाय."

मी बघतच राहिले. लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून ऐकत होते, "तुझी गाठ देवाच्या गळ्यात जाईस्तोवर सुटंल."

डॉक्टर हसले. "मशीनवरून उतरल्यावर काही दिवस असं बरळतात, मावशी. मेंदू ठिकाणावर यायचाय. मनावर घेऊ नका."

घरी आलात, मेंदू ठिकाणावर आला. पहिल्याच सकाळी मी बांधलेला झेंडूचा हार उचलून म्हणालात, "ढिला हाय." शेवटपर्यंत तेच म्हणालात.

नात विचारते, पाकिटावर पत्ता काय घालू? म्हटलं, घडी कर आणि तांदळाच्या डब्यात ठेव. फक्त खाली एवढं लिही. डॉक्टरांचं मी सगळं ऐकलं, औषध, वाफ, पथ्य. तेवढं एक ऐकलं नाही.