मोपेडचं डुक्कर

ती. तियुर्माताईस धाकट्या बिन्सारचा प्रभूत सलाम.

तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला आणि बडबड, दोन्ही चालूच असणार. आम्ही इकडे तोबा तळ्याकाठी प्रभुकृपेने खुशाल आहोत. (म्हणजे मी आहे. रोतुआने माझ्याशी अबोला धरलाय. घरची बायको, पण ताट आपटून वाढते.)

त्याचं कारण ऐक. वरच्या वाडीतलं कुणी कित्येक वर्षं देवळात फिरकलेलं नाही. पाळकसाहेबांना सुवार्ता घेऊन तो चढ चढता यावा म्हणून मंडळीतल्या बायकांनी सुगीच्या सणाला तांदळाचे केक विकून मोपेडचे पैसे जमवले आणि खजिनदार म्हणून माझ्या हवाली केले. आता तूच सांग, धन्याचा पैसा न वाढवता पुरून ठेवणाऱ्या चाकराचं शास्त्रात काय झालं? धन्याने हाकलूनच दिलं ना! मी शहाणपणाने डुक्कर घेतलं. नाताळात दुप्पट भाव, मोपेड येऊन वर पेट्रोलही! रोतुआ म्हणाली, "अहो, शास्त्र सगळं वाचता की सोयीपुरतं?"

दुसऱ्याच दिवशी डुक्कर दोर तोडून पसार. धापा टाकत माग काढला, तर बेटं वरच्या वाडीत जोंगी आजोबांच्या खांबांवरच्या घराखाली लोळतंय. हेच ते आजोबा. देवळाच्या जेवणात त्यांच्या मानाचा, डुकराचा जबडा चुकून दुसऱ्याच्या पानात पडला, म्हणून ते रुसले आणि त्यांच्यामागे अख्खी वाडी रुसली. (चव काय, सगळ्या तुकड्यांची सारखीच. पण आपल्यात मान तुकड्यात असतो.) म्हातारा म्हणाला, "पोरा, याचा जबडा मला चारचौघांत दे. सगळी वाडी घेऊन येतो."

बायकांनी चुलीपुढे घाम गाळून मिळवलेला पैसा! पण म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. मोपेडने हा माणूस कधीच खाली आला नसता. म्हटलं, "दिला."

रविवारी डुक्कर कापलं. जबडा हातात घेऊन आजोबा ढसाढसा रडले, मीही रडलो. देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका अजून धुसफुसतायत. मी म्हणतो, वाडीच खाली आली, आता मोपेड हवी कशाला?

तुझा,
बिन्सार

ता. क. पैसा कसा वापरावा, हे कळायला दाजींना माझं पत्र वाचून दाखव.

आणखी ता. क. त्या गर्दीत पाळकसाहेबांच्या मानाचा तुकडा कुणीतरी (मीच) पाहुण्यांना वाढला. साहेब दार लावून बसलेत. काल जोंगी आजोबा स्वतः जाऊन त्यांना क्षमेवर चार वचनं ऐकवून आले, पण ढिम्म! रविवारी देऊळ भरणार आणि उपदेशाला कुणीच नाही. तेव्हा ताई, तुमच्याकडचं ते लठ्ठ डुक्कर टेम्पोत घालून पाठव. अख्खंच पाठव. आणखी कोण कुठल्या तुकड्यावरून रुसेल, काही सांगता येत नाही.