तुडतुड्यांची उष्टी पत्ती

आत्या,

आज दुपारी प्रयोगशाळेत मी चहाची पत्ती गरम पाण्यात टाकली आणि वर काचेची ताटली झाकली. ताटली उचलली तसा वाफेबरोबर पिकल्या बोरांचा आणि मधाचा वास आला, आणि मी हैदराबादेत उरलेच नाही. मी मस्तगडच्या आपल्या घरात, चुलीपाशी, तुझ्या शेजारी बसलेली होते. पुढे दादांचं चहा-साखरेचं दुकान, मागे तुझं स्वयंपाकघर, मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्यातून दादांचा हात आत येतो, हातात नव्या पेटीतली मूठभर पत्ती. "अक्का, बघ बरं ही." तू ती मुठीत धरतेस, मुठीत हळूच श्वास सोडतेस आणि डोळे मिटून वास घेतेस. मग पितळी तपेलीत आधण, त्यात पत्ती, वर ताट. दूध नाही, साखर नाही. शेजारच्या काकू डोकावून विचारतात, "काढा पिऊन राह्यल्या का वो?" तू मान वर न करता म्हणतेस, "काढा न्हाई. काम करून राह्यले."

काम हा शब्द तू किती जपून उच्चारायचीस, ते मला तेव्हा कळलं नाही. तीर्थपुरीकडच्या सासरहून तू विशीच्या आतच परत आलीस. घरात हळदीकुंकू असलं की मागच्या खोलीत जाऊन बसायचीस, कोणी सांगायच्या आधीच. पण कलकत्त्याहून पेटी आली की सगळं घर तुझ्या तोंडाकडे बघत असे. तुझ्या होकाराशिवाय दादा पेटी ठेवून घेत नसत. एकदा काळीभोर, दिसायला देखणी पत्ती आली होती. तू एक घोट घेतलास आणि चूळ टाकलीस. "पाणचट हाये. लाल कोळी लागला असंल पाल्याला, सत्त्व पिऊन गेला." चहाचा मळा तू जन्मात पाहिला नव्हतास. वांग्याच्या पाल्यावरचा तो बारीक लाल कोळी मात्र पाहिला होतास, आणि त्या वांग्याची चव लक्षात ठेवली होतीस.

मी हैदराबादच्या कॉलेजातून पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आले ती एक भिंग घेऊन. आपल्या घरात इतकं शिकायला गेलेली मीच पहिली. मला वाटायचं, आता या घरातलं अज्ञान मी एकेक करून झाडून काढणार. पाणी गाळून घ्या, भांडी राखेने नीट घासा, माश्या बसलेलं खाऊ नका. तू सगळं ऐकायचीस आणि हसायचीस. शास्त्राचे धडे आम्हाला उर्दूत असतात, हे कळल्यावर तू विचारलं होतंस, "मंग तिकडचा किडाबी उर्दूतच चावतो का?"

त्याच आठवड्यात ती पेटी आली. पत्ती बारीक, वेडीवाकडी, मुरडलेली. तू श्वास सोडून वास घेतलास आणि किती तरी वेळ मूठ नाकापासून काढलीच नाहीस. मी तपेलीतली भिजलेली पानं ताटात उलगडली, भिंग धरलं, आणि मला पिवळट ठिपके दिसले, करपलेल्या कडा दिसल्या. मी मोठ्याने म्हणाले, "ही पत्ती किडकी आहे." दादा पडदा सारून आत आले.

"अक्का, पोरगी काय म्हणून राह्यली?"

"बराबर म्हणती. तुडतुडे बसले असतील. आले, घोटभर प्याले, गेले. पण वास बघ ना भाऊ, त्यांच्यानंच आलाय."

"किड्याचं उष्टं गिऱ्हाइकाला पाजू?"

"मधबी माश्यांचं उष्टंच की."

दादा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, कीड लागली की पानाचा नाश होतो, पुस्तकात स्पष्ट दिलेलं आहे. "शिकलेल्या पोरीला बिलकुल कळतं," दादा म्हणाले, आणि पेटी दुसऱ्या दिवशी रेल्वेने परत गेली.

पुढची पेटी आली तेव्हा पडद्यातून हात आलाच नाही. दादांनी मला बाहेर बोलावलं, भिंगासकट. मी पानं तपासून आत आले तर तुझं आधण चुलीवर उकळत होतं आणि तू पडद्याकडे बघत बसली होतीस. पाणी निम्मं आटलं. मग तू उठलीस, आणखी तांब्याभर पाणी घातलंस आणि त्यात तुरीची डाळ वैरलीस. मला म्हणालीस, "जा माय, दिवा लाव."

दोन वर्षांनी तापाने तू गेलीस. पत्र मला चार दिवस उशिरा मिळालं. तोवर पेट्या नुसत्या रंगावरून घेतल्या जात होत्या, आणि जुनी गिऱ्हाइकं म्हणत होती की तुमच्या चहाला आता ती मजा न्हाई.

आजची पत्ती आमच्या बाईंनी डोंगरातल्या एका मळ्यातून मागवली होती. त्या म्हणाल्या, तुडतुडा कोवळ्या शेंड्याचा रस शोषतो तेव्हा पानाची वाढ खुंटते आणि स्वतःला वाचवण्यासाठी पान आपल्या रसातच बदल करतं. मग ते सुकवताना, मळताना, हवेवर लाल होऊ देताना त्यातून सुगंधी तेलं सुटतात. मळेवाले अशी पत्ती मुद्दाम वेगळी खुडतात. लाल कोळ्याचं उलटं. तो चहाला अंग देणारं टॅनिन कमी करतो आणि चहा पाण्यासारखा होतो. हे सगळं नेमकं कसं घडतं ते अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाही, असंही त्या म्हणाल्या. मी वहीत लिहून घेत होते. लिहिता लिहिता अक्षरं मऊ झाली, वाफेत भिजल्यासारखी, आणि त्यांच्या मधून तुझी मूठ दिसत राहिली.

वाटलं होतं, हे पत्र घरी नेऊन दादांना वाचून दाखवावं. पण सध्याच्या धामधुमीत गाड्यांचा भरवसा नाही, आणि खरं सांगायचं तर गाड्या सुरळीत असत्या तरी मी हे नेलं नसतं. यात एक गोष्ट आहे जी मी त्यांना सांगितलेली नाही, बाईंनाही नाही. त्या दिवशी मी 'किडकी' म्हटल्यावर, दादा आत येण्याआधी, तू मला तपेलीतला एक घोट दिला होतास. मला तो फार आवडला होता. इतका की मी आणखी मागणार होते. तेवढ्यात पडदा सरकला आणि दादा पहिल्यांदाच तुझ्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले.