मोज्यांतला गडवीर

राबिघ

जयदीपराव यांना, रागासकट आशीर्वाद.

गुरुवार, ३ एप्रिल २०२५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, जपानमधल्या त्या चिमुकल्या किल्ल्याच्या दारात तुम्ही परस्पर जाहीर केलंत, "आई खालीच बसतील." मला विचारलं कोणी? ईदच्या सुट्टीत सौदीतल्या या राबिघहून इतक्या लांब मी बाकावर बसायला आले नव्हते.

दारात बूट काढायला लावले आणि माझं फावलं. आतले लाकडी जिने शिडीसारखे उभे आणि गुळगुळीत. तुम्ही सगळे मोज्यांत. मोजे घालायची शिस्त मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावली, पण माळ्यावर चढायला शिकवलं माझ्या आईने. मी मोजे पर्समध्ये टाकले, साडी खोचली आणि अनवाणी निघाले.

सह्याद्रीतले गड पालथे घातल्याचं राबिघभर सांगणारे तुम्ही, पहिल्याच जिन्यावर घसरलात आणि कठड्याला मिठी मारून ओरडलात, "आई, हात द्या!" दिला. माझी रुचा तर हसून हसून खालीच बसली. वरच्या खिडकीतून फुललेली चेरी दिसली तेव्हा मी टाळ्या पिटल्या. तुम्हीही पिटल्यात. इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

आणि काल फोनवर मित्राला काय सांगत होतात? "इथल्या हाइल शहरातला किल्ला बघायला जातोय, आई घरीच राहतील."

रुचा म्हणते, "आई, पत्र देऊ नकोस, तो घाबरेल." बरं, नाही देत. तोंडीच विचारते, मला नेणार की नाही? उत्तर मात्र लेखी हवं, बुधवारच्या रात्रीच्या जेवणाआधी. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालणार नाही.

तुमची सासू,
मधुमती